विहिरीपासून बाकापर्यंत

१२ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्याचं वाचून जीव खालीवर झाला. जिने चढू नकोस. ऐकणार नाहीस, तरी सांगते.

इथे रोज खडाजंगी. बाबांनी गहू माझ्या मर्जीने करायला दिलाय, पण एकाच हंगामापुरता. एकरी उतारा घटला, तर जमीन शेजारच्या काकांना कसायला देणार म्हणे. मी आधी वाटाणा घेऊन पाला मातीत गाडला, माती तपासली आणि युरिया निम्म्यावर आणला. आता काकांचा गहू गर्द हिरवा आणि माझा फिकट. पोर उपाशी ठेवलं तर बाळसं कसं धरणार, असं बाबा जेवताना ताटाकडे बघत विचारतात. मी हसण्यावारी नेते, पण आतून घाबरलेय गं.

गंमत म्हणजे विहिरीपासून बांधावरच्या बाकापर्यंत एक पट्टा मात्र काकांच्या गव्हासारखाच हिरवागार आहे. तिथली माती वेगळी असेल का?

तुझ्याइतकीच हट्टी,
मुंगी

२० जानेवारी

चि. मुंगीस, अ. उ. आ.

अगं वेडे, विहिरीपासून बाकापर्यंत तुझा बाप रोज सकाळी फेरी मारतो. माती कसली, त्याचाच हात आहे तो! लहानपणी मी कुंडीत रोप लावलं, तर हा मला चोरून तांब्याने पाणी ओतायचा. रोप कुजलं, आणि माझ्याआधी हाच भोकाड पसरून बसला. तुझी काळजी वाटते त्याला, दुसरं काही नाही. तू तोंडाला कुलूप लाव आणि युरियाच्या वाटेला जाऊ नकोस.

गुडघा बरा आहे. जिने चढतेच आहे.

तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न.

आत्या, जिंकलो! दाणे भरले आणि वादळ सुटलं. सकाळी काकांचं अर्धं शेत आडवं, माझा गहू ताठ उभा. लोळला तो फक्त हिरवा पट्टा, बाबांच्या वळणावळणासकट! एवढाच कसा पडला, असं हार्वेस्टरवाल्याने विचारलं. मी कुलूप सांभाळलं. बाबाच म्हणाले की कुणा शहाण्याने जादा खत टाकलं असेल, त्याने ताटं उंच आणि लुळी होतात. मग तो पट्टा त्यांनी स्वतः विळ्याने कापला, मला हात लावू दिला नाही. उतारा गेल्या सालापेक्षा चांगला आलाय. मला तर नाचावंसं वाटतंय!

तुझी मुंगी

५ एप्रिल

ती. अक्कास, सा. न.

कंबर धरली आहे. का ते तुला कळलंच असेल.

काल शेजारी जमिनीचं विचारायला आला. त्याला सांगितलं, आमच्याकडे शेताचं मुंगी बघते, ती अंगणात आहे. तर तो जमीन विसरला आणि स्वतःच्या शेताला खत किती घालू, हेच तिला विचारत बसला. मी आत जाऊन दोघांसाठी चहा केला. ऊर भरून आला होता, अक्का. साखर जास्त पडली, असं तुझी भाची म्हणाली.

लोभ मात्र निम्म्यावर आणू नये.

तुझा धाकटा भाऊ