फुटाला एक तुकडा

४ मार्च
शी! दिवसभर खडक निवडला. शेंगा निवडाव्यात तसा! खोलातून काढलेला वाळूचा दगड लाकडी खोक्यांत लांबच लांब मांडलाय. नियम साधा — फुटाला एक तुकडा कापायचा. तिथे मोकळी वाळू लागो, नाहीतर चिखल. पण कासंगाकी साहेब आले, आणि जिथे तेलकट, मोकळी वाळू दिसली तिथेच खडूने फुल्या मारून गेले.

"अमूती, हे चुकतंय," मी साहेबांना म्हटलं.

"अगं अब्वोली, मुलगी दाखवायला तोंड धुऊनच आणतात ना?" खी खी हसले. बाकीचेही हसले.

५ मार्च
खडक चांगला ठरला की तेलाच्या विहिरी आमच्याच गावात. सरोवराकाठी, आईच्या कसाव्याच्या शेतात. बाबांना तिथेच पुरलंय. लोकांना उठवणार, नवीन घरं देणार, म्हणे.

आईचा फोन आला. मासे वाळवत होती. "नीट जेवतेस ना गं?" हो म्हटलं, फोन ठेवला. काय बोलू!

७ मार्च
निवडलेल्या तुकड्यांचे आकडे आले. शंभरात तीस भाग पोकळ — म्हणजे तेलाला भरपूर जागा. येणारच! साहेबांनी बकरं भाजून घेतलं. मीही खाल्लं, भूक लागली होती. आता स्वतःचीच किळस येतेय.

८ मार्च
सही केली नाही. मोजणारीची सही नसेल तर अहवाल जात नाही.

सगळ्यांसमोर म्हटलं, "फुटाला एक कापू द्या, मग बघू, कासंगाकी." नुसतं कासंगाकी! अमूती नाही. आमच्यात मानाचं नाव गाळलं की थोबाडीतच बसते.

साहेबांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "काप. तूच काप, तूच मोज. पंधराला अहवाल पाहिजे."

११ मार्च
बासष्ट तुकडे. एकटीने कापले, तेल धुतलं, भट्टीत मंद आचेवर वाळवले. औषधाच्या वासाने डोकं उठलंय. हाताला तोच वास, नाचणीचा कालो खातानाही तोच! पण चिखलवाले तुकडे बघून बरं वाटतं. आता कळेल त्या लबाडाला!

१३ मार्च
तीनदा मोजलं.

चिखलाचे थर पातळ निघाले. बोटभर जाडीचे. त्यांच्या वर-खाली चांगली वाळू. सगळ्यांची सरासरी पंचवीस. पंचवीस! म्हणजे उत्तमच.

लबाडी करूनसुद्धा माणूस बरोबर निघाला! मेल्याने एवढं फसवायची गरजच नव्हती. त्याचा राग येत नाही आता. राग या दगडाचा येतो.

१४ मार्च
आई म्हणाली, "बाबांच्या थडग्यावरचं गवत काढलं आज."

१५ मार्च
बासष्टांतले एकोणीस तुकडे अहवालात घातले. सगळे चिखलाचे. बाकीचे खोक्यांत भरून वर लिहिलं — फुटलेले, निरुपयोगी. सही केली.

अमूतींनी न वाचताच खाली सही ठोकली. म्हणाले, "तू मोजलंस म्हणजे खरंच असणार, अब्वोली."