टिंबापुढची खूण

क्लातेन, १९ जानेवारी

निकेन बाळा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. अंगणातला रांबुतान यंदा फळांनी लगडलाय. बाबांच्या कपाळाला जरा लागलंय, विशेष काही नाही. तुझा नंबर त्यांनी माझ्या फोनमधून केव्हाच पुसायला लावला, म्हणून वार्सिनी मावशीच्या हाती हे पत्र देतेय. वाचून झालं की फाडून टाक.

तू फोनमधलं जाणतेस म्हणून विचारते. तुझ्या बाबांनी एक ॲप घेतलंय, अंगाला सवयी लावून घ्यायचं. पाणी प्यायलो, चाललो, अशा खुणा करायच्या त्यात. करा बापडे. पण त्याला कुलूप कशाला? जन्मभर ज्या माणसाने पाकीटसुद्धा टेबलावर उघडं टाकलं, तो आता मी चहा घेऊन आले की फोन पालथा घालतो. विचारलं तर म्हणाले, "यातलं फोनच्या बाहेर कुठे जात नाही. नाव मागत नाहीत, नंबर मागत नाहीत. म्हणून तर घेतलं."

"घरात मी एकटी. मग लपवता कुणापासून?" म्हटलं, तर उठून पारव्याला दाणे घालायला गेले.

एकदा ते नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेले आणि फोन उघडाच राहिला. मी माझ्या फोनने त्याचे फोटो काढून घेतले. हो, काढले. पाणी, चालणं, औषध, सगळ्यांपुढे रोजच्या खुणा. खाली आणखी एक ओळ. तिला नावच नाही, नुसतं टिंब. त्या टिंबापुढे महिन्याकाठी एखादीच खूण, तीही बुधवारी. नाव लिहायची चोरी, असं काय करतो हा माणूस बुधवारी? माझं डोकंच फिरलं.

मग एकेक ध्यानात यायला लागलं. त्या बुधवारी सकाळी म्हणे भूक नाही, दुपारी म्हणे मित्राकडे जेवलो, आणि संध्याकाळ झाली की इस्त्रीचा बातिक शर्ट घालून बाहेर. शेजारच्या तुमिनी वहिनींनी हसत हसत सांगितलं की तुमचे मास्तर लास्त्रीच्या टपरीवर सूप प्यायला बसलेले दिसतात. लास्त्री म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरची ती विधवा. मी वरवर हसले आणि घरी येऊन भात करपवला.

गेल्या बुधवारी मी त्यांच्या मागोमाग गेले. औषधाच्या दुकानाआड उभी राहिले. लास्त्रीने चहाचा ग्लास ठेवला आणि आपल्या कामाला लागली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि हे? चहा समोर निवतोय, हात मांडीवर. कुणाची वाट बघतायत म्हणून मी रस्ता न्याहाळत होते. कुणी आलं नाही. दिवस मावळून मगरिबची बांग झाली, तेव्हा त्यांनी ग्लास उचलला.

उपवास गं. साखरेपायी ज्याचे रमजानचे रोजेसुद्धा डॉक्टरांनी बंद केले, तो माणूस चोरून उपवास करतोय. मी पुढे होणार, तेवढ्यात ग्लास निसटला आणि ग्लासामागून तेही बाकावरून खाली आले. कपाळ तेव्हा फुटलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, पाय घसरला. मी म्हटलं, मी भाजीला आले होते. दोघंही खोटं बोललो आणि रिक्षाने घरी आलो.

पट्टी बांधून होते न होते तोच त्यांनी फोन मागितला. ते झोपल्यावर मी फोटोतले बुधवार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशी ताडून पाहिले. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात पोन, आपल्या पाच जावी वारांतला. बुध-पोन, बाळा. पस्तीस दिवसांनी एकदा येणारा तुझा जन्मवार. लेकराचं भलं व्हावं म्हणून त्याच्या जन्मवारी आईबाप धरतात तो उपवास. तुझ्या परीक्षांच्या वेळी मी धरायचे, तेव्हा हेच मला हसायचे.

मला किती राग आला म्हणून सांगू! तू घटस्फोटिताशी लग्न ठरवलंस, तेव्हा निकाहात लेक सोपवायला, वली म्हणून उभे राहिले नाहीत ते हेच. परक्या माणसाने तुझं लग्न लावलं. घरात तुझं नाव काढायचं नाही, हा हुकूमही यांचाच. मी तो निमूट पाळला, तोंड दाबून रडले. आणि हे स्वतः मात्र कुलूप लावून तुझ्यासाठी उपाशी. मला सांगितलं असतं तर मीही राहिले नसते का?

मी थांबा म्हटलं तर कानावर हात ठेवतील आणि आणखी लपून करतील. म्हणून लिहितेय. पुढच्या बुध-पोनला तू ये, जावयांनाही आण. मी भात शिजवून ठेवते, ताट तू वाढ. तुझ्या हातचं ते खातील की उठून जातील, मला सांगता येत नाही. पण बांग होईपर्यंत त्यांना पुन्हा तसंच बसू दिलं तर ते उठतील, याचा भरवसा मला उरलेला नाही.

सेमारांगहून पहाटेचीच बस पकड. दुपारची नको.

तुझी,
आई