उघडी जखम की टाके

आई, आज कितीतरी महिन्यांनी देवापुढे पाटावर बसून पूजा केली. इतके दिवस उभ्यानंच फुलं वाहत होते. माकडहाडावरचं ते दहावीपासूनचं गळू शेवटी कापून घेतलं. गळू नव्हतंच म्हणे. केस कातडीत शिरून आत बोगदा झाला होता. तुला आठवतं, परकरावर डाग दिसला की तू मला बाजूला बसवायचीस. मी म्हणायचे, हे ते नाही गं. तू म्हणायचीस, "रक्त ते रक्त. देवघराकडे फिरकू नकोस." त्या वर्षीच्या गौरी मी दारातूनच पाहिल्या. पण अजून डोळ्यांपुढे येतं, संध्याकाळी हळदीचं गरम पोटीस घेऊन तूच येतेस, मला पालथी झोपवतेस, आपल्या हातानं बांधतेस, आणि मग पुन्हा डोक्यावरून अंघोळ करून दिवा लावतेस. थंडीत स्तोत्र म्हणताना तुझे दात वाजतात.

नवीन पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन चित्रं काढून दाखवली. एका पद्धतीत कापून जखम उघडीच ठेवायची. ती तळापासून हळूहळू भरत येते, पण ड्रेसिंग रोजचं, कदाचित काही महिने. दुसरीत बाजूचं मांस सरकवून टाके घालायचे. लवकर भरतं, पुन्हा होण्याची भीती कमी, पण वण मोठा राहतो आणि तिथली कातडी बधिर होऊ शकते. बायका वणाचा विचार करतात, असंही त्या म्हणाल्या. मी विचारलं ते एवढंच, की ड्रेसिंग कोण करणार.

"घरातलं कुणीही. मी शिकवते ना."

बाहेर बाकावर हे मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या पाठीला कधी बाम लावलेला नाही. मुलगा कॉलेजातला, त्याला कसं सांगणार? जाऊबाई आल्याही असत्या. पण मी उभ्यानं जेवते हे पाहून त्यांनी हळदीकुंकवात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय गं, तुमच्याकडे रोजच बुफे?"

मी टाके म्हटलं.

आता तिथे बोट लावलं तर काही कळत नाही. दुसऱ्या कुणाची कातडी असावी तसं. त्याचं वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. तू गेलीस त्यालाही खूप वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की मला लवकर बरं व्हायचंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. तू असतीस तर मी उघडीच ठेवायला सांगितली असती.