डोक्याभराचं अंतर

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेस क्लबनं आपल्या मोठ्या शर्यतीचा इतिहास माझ्याकडून लिहून घ्यायचं ठरवलंय. निवृत्त बाई, जॉकीची मुलगी, शिवाय रिकामटेकडी. याहून लायक कोण, असं हे म्हणतात.

तिथं फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात, म्हणजे घोड्याला आयुष्यात एकच संधी. बाबांच्या टिकली घोडीलाही ती एकदाच मिळाली आणि पंचानं तिला डोक्याभराच्या अंतरानं दुसरी ठरवलं. तेव्हा कॅमेरा नव्हता, पंचाचा डोळा हाच कायदा. जिंकली टिकलीच, हे आपण आईकडून ऐकतच वाढलो. मी ते पुस्तकात ठणकावून लिहिणार आहे. बाबा नव्वदीला आले. त्यांच्या देखत हा अन्याय दूर व्हायला हवा. त्यांना नीट विचारून कळव.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर येऊ दे.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांची दाढी करताना विचारलं. इतके हसले, की साबणाचा फेस माझ्या चष्म्यावर उडाला. म्हणाले, टिकली हरलीच होती. अगदी शेवटी गर्दीकडे बघायला तिनं मान वळवली आणि तिथंच घात झाला. पंचाचा निकाल चोख होता.

मग आईला का नाही सांगितलं, असं विचारलं. तर म्हणाले, एकदा सांगून पाहिलं. पंचाची बाजू घेतो म्हणून तिनं अबोला धरला. पण पंचाला आंधळा म्हणत घरभर फिरायची तेव्हा ती इतकी गोड दिसायची, की जिंकून याहून वेगळं काय मिळालं असतं. मग डोळे पुसले. फेस गेला असेल.

तर बाई, खरं तेच लिही. फक्त आईला खोटं पाडू नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं. कसं ते तू बघ, लिहिणारी तू.

माया आहेच, मागावी लागत नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच कागद फाडले. अखेर लिहिलं, की टिकली डोक्याभरानं दुसरी आली. निकाल अचूक होता, असं खुद्द तिच्या जॉकीचं मत आहे. मात्र प्रेक्षकांतल्या एका बाईंना तो मरेपर्यंत मान्य नव्हता.

क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, या बाई कोण, वाक्य काढू या. मी म्हटलं, काढलंत तर अख्खा इतिहास परत नेईन.

प्रत सोबत आहे. बाबांना वाचून दाखव.

तुझीच,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचून दाखवलं. बाईंचं वाक्य बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, कुणास ठाऊक, तिचंच बरोबर असेल. मला तर तेव्हा टिकलीचे कान सोडून काहीच दिसत नव्हतं.

ताई