सावध राहा, देवपूर

सोमवार, ५ जानेवारी

आले एकदाची धुळ्यात! पिंपळनेरच्या एस.टी.तून उतरताना ट्रंकेचा कोपरा कंडक्टरच्या पायावर आदळला. बिचारा हसला, म्हणून दिवस चांगला जाणार असं मी तिथेच ठरवून टाकलं. देवपूर भागात ज्ञानचंदकाकांच्या घराच्या वरची खोली भाड्याने मिळाली आहे. मोरी आहे, गच्ची आहे, गच्चीवरून पांझरा नदी दिसते. धनकुंवरकाकूंनी आल्या आल्या दालबाटी वाढली आणि दुसऱ्या वाढपाला लग्नाचं विचारलं.

समोरच अमीनचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. काकूंनी त्यांनाच हाक मारून माझी गादी भरवून घेतली. चाचा म्हणाले, “जुना कापूस नाही घातला, बेटी. उद्या तुझी पाठच सांगेल.” त्यांची मुलगी रूही फार्मसी शिकते. तिने गादी माझ्याबरोबर जिन्यावरून वर चढवली. अर्ध्या जिन्यात आम्ही दोघी गादीखाली सापडलो आणि हसत सुटलो.

आणि नोकरी! सजग नागरिक केंद्रात निवेदिका. सरकारची नवी योजना आहे. रोज संध्याकाळी चौकाचौकातल्या भोंग्यांवरून सुरक्षिततेच्या सूचना वाचायच्या. शाळेत असल्यापासून प्रत्येक गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं. आई म्हणायची, नुसत्या आवाजावर का पोट भरतं? आज तिला फोन करून सांगितलं, भरतं.

गुरुवार, ८ जानेवारी

पहिलं वाचन झालं. कुलूप नीट लावा, अनोळखी माणसाला दार उघडू नका, आणि शेवटी “आपण जागे, म्हणून देश जागा.” आमचे साहेब हितेंद्र सर फार शांत माणूस आहेत. चूक झाली तरी आवाज चढवत नाहीत.

येताना कोपऱ्यावरच्या गिरधर आबांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “तुमना आवाज काळजाले लागस, ताई.” खोटं कशाला लिहू, घरी येईपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होते.

बुधवार, १४ जानेवारी

केंद्राच्या कामाने दोन दिवस जळगावला होते. काचेच्या खोलीत बसवून शेकडो वाक्यं वाचून घेतली. घाबरून वाचा, रागाने वाचा, रडवेल्या आवाजात वाचा, आता कुजबुजत. अर्थ नसलेली वाक्यंही होती. आवाजाची तपासणी, एवढंच सांगितलं. घसा बसलाय. काकूंनी हळदीचं दूध दिलं.

मंगळवार, २० जानेवारी

काल भोंग्यावरून धरणगावची बातमी वाचली. एका गल्लीत तीन घरं फोडली, म्हातारीला बांधून ठेवलं. त्याच गल्लीत माझी मावशी राहते. घाबरून फोन केला तर ती पापड लाटत होती. गल्लीत काही झालेलंच नाही.

आज सरांना विचारलं. ते जराही चिडले नाहीत. मावशीने रात्री कडी लावली का, म्हणाले. लावली, म्हटलं. “मग झालं तर.” मग खुर्ची पुढे ओढून समजावणीच्या सुरात म्हणाले, “किरण, ह्या गावात एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही. कुणी कुणाच्या लग्नाला जात नाही. पण संध्याकाळी तुमचा आवाज आला की सगळे एकदम कडी लावतात. तेवढ्यापुरते ते एक असतात. देश म्हणजे दुसरं काय असतं?”

मी आजचा कागद उचलला आणि वाचायला गेले.

मंगळवार, २७ जानेवारी

केंद्राने लाल दिवे वाटले. घर जागं असल्याची खूण म्हणून दारावर लावायचे. सक्ती नाही. गल्लीत एकही दार राहिलं नाही.

अमीनचाचा दिवा आणायला दोनदा जाऊन आले. संपले, सांगितलं. त्यांनी मग साध्या बल्बला लाल कागद गुंडाळून दारावर लावला. काकू गच्चीतून बघत होत्या. “नकली आहे,” म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, त्यांना मिळाला नाही. त्या म्हणाल्या, का नाही मिळाला ते बघायला हवं ना?

ह्याच बाईने मला त्यांच्याकडून गादी भरवून दिली होती.

सोमवार, २ फेब्रुवारी

आजचा कागद वाचला आणि खाली ठेवला. गाद्या भरून देण्याच्या निमित्ताने घरात शिरणारी काही माणसं आहेत. कापसात काय काय दडवून घरोघरी पोचवतात. आपली गादी तपासा.

सरांना म्हटलं, देवपुरात हे काम करणारं एकच दुकान आहे. ते म्हणाले, आपण नाव कुठे घेतलं? मी म्हटलं, मी वाचणार नाही. तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “तुम्ही आपल्यातल्या की त्यांच्यातल्या?” आणि घड्याळाकडे बघितलं.

मी वाचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर गल्ली पांढरी. गच्च्यांवर, ओट्यांवर लोक गाद्या उसवत होते. कात्रीने, विळीने, दातांनीसुद्धा. कापूस तारांवर, गटारात, लहान मुलांच्या केसांत. धनकुंवरकाकू गादीत कोपरापर्यंत हात घालून चाचपत होत्या.

विचारलं, काही मिळालं का? म्हणाल्या, “नाही ना! म्हणजे आधीच काढून नेलं असणार.”

कुणालाच काही मिळालं नाही. त्यामुळे सगळे जास्तच घाबरलेत.

रूही दुकानासमोर कापूस झाडत होती. मला बघून थांबली. “ताई, तुमची गादी नाही उसवली?” एवढंच विचारलं. मला वर येऊन त्याच गादीवर बसावं लागलं. खोलीत दुसरं बसायला काही नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दुपारी पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. अमीनचाचा हात पुसत बाहेर आले आणि गाडीत बसले. त्यांच्या बायको, शहजादीचाची, गाडीमागे पळाल्या, चप्पल रस्त्यातच राहिली. प्रत्येक दारात माणसं उभी होती. मीही उभीच होते. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. सगळे नुसते बघत होते. सुटल्यासारखे दिसत होते.

तडक केंद्रात गेले, राजीनामा टेबलावर ठेवला. सरांनी चहा मागवला. म्हणाले, हरकत नाही, तुमचं काम झालेलं आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

संध्याकाळी गच्चीत कपडे काढत होते. भोंगा सुरू झाला.

मीच बोलत होते, मी कधीच न वाचलेलं. माझा श्वास, माझं ते ‘बंधुभगिनींनो’ म्हणतानाचं थांबणं. इथे माझं तोंड बंद, हातात ओला टॉवेल. आणि तिकडे मी—

जळगावची ती काचेची खोली. ती सगळी वाक्यं, त्यांतूनच ही बनवली. रडवेल्या आवाजात वाचा—

शनिवार

रूही आणि चाची पहाटेच जळगावला मामांकडे निघून गेल्या. दुकानाचं दार उघडं आहे.

गिरधर आबांना सांगितलं, तो आवाज माझा नाही. मी नोकरी सोडली. हसले. “तुमनाच आवाज शे, ताई. आम्ही वळखतस नही का?” संध्याकाळी भोंग्याखाली उभी राहिले. तो बोलत असताना ओरडले— खोटं आहे, मी इथे आहे, बघा माझ्याकडे! लोक बघत होते. एक बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाली, शू, ऐकू द्या.

रविवार

ऐकलं.

“बंधुभगिनींनो, देवपुरात एक बाई फिरते आहे. ती माझा आवाज काढते. आपल्या सूचना खोट्या आहेत असं सांगते. तिच्याशी बोलू नका. ती बोलू लागली की ओळखाल.”

माझ्या आवाजात. काळजीने. मलाच क्षणभर तिची भीती वाटली.

सोमवार

दूधवाला आला. अर्धा लीटर, म्हटलं. त्याच्या हातून माप पडलं. पळाला.

आईला फोन लावला. मी बोलले. ती म्हणाली, कोण बोलतंय? आई, मी. किरण. पुन्हा म्हणाली, कोण बोलतंय? तिकडे पिंपळनेरलाही भोंगे लागलेत. ठेवला तिने.

मंगळवार

दुपार. जिन्यात माणसं आहेत. पुष्कळ. काका, आबा, खालच्या बायका. कुणी आरडाओरडा करत नाही. त्यांना माझं वाईट करायचं नाही, त्यांना फक्त खात्री करायची आहे.

धनकुंवरकाकू दाराशी आहेत. किती मायेने बोलताहेत. “किरण, बेटा, आत तूच आहेस ना? एक शब्द बोल. मग आम्ही जातो.”

बोलले तर मी ती बाई ठरणार. नाही बोलले तर लपून बसलेली तीच—

दाराची कडी हलतेय. पुन्हा, “बोल ना, बेटा.”

आई गं, मी तोंड उघ—