जलमंगल कंपनीची खिडकी

१४ एप्रिल
फणसवाडीत बिऱ्हाड मांडलं. कामाच्या जागेच्या डोक्यावरच राहायच्या खोल्या, जिना उतरला की ऑफिस. बायको, पूर्वी, एकदम खूश. आमच्या लेकीला, मनूला, तळमजल्यावरच्या मेघनाताईंचा राजस भेटल्यापासून जेवायलासुद्धा ओढून आणावं लागतं. इमारतीत पोरं ही दोनच, त्यामुळे गट्टी लगेच जमली. विमान कंपनीच्या काउंटरवरून मला काढलं, तेव्हा सासरे म्हणाले होते, बघू आता काय दिवे लावतोस. लावले. जलमंगल स्टीमशिप कंपनीचा तिकीट क्लार्क झालो. कंपनीकडे बोट एकही नाही, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.

१६ एप्रिल
दौलतकाकांकडून कंपनीची कुंडली ऐकली. ते मालवणकडचे, उमेदीत कंपनीच्या बोटीवर खलाशी होते, आता इमारतीची राखण करतात. मोंबासाची बोट सुरू झाली तेव्हा म्हणे कुणी चढेना. आया मुलांना समुद्रापार सोडायला तयार नव्हत्या. मग पहिल्या मालकांनी प्रत्येकाला परतीचं तिकीट हातात द्यायला सुरुवात केली आणि ते कधीच बाद होणार नाही असं वचन दिलं. झालं, गिरगावातले क्लार्क, कोकणातले सुतार, शिंपी, सगळे रांगा लावून निघाले. एडन, झांजिबार, बसरा, कंपनी वाढतच गेली. पुढे विमानं आली आणि बोटी एकेक करून भंगारात निघाल्या. शेवटची तर परत येताना भर समुद्रात बुडाली. पण तिकिटं अजून लोकांकडे आहेत, म्हणून मालकांच्या ट्रस्टने वचनापायी ही एक खिडकी उघडी ठेवली आहे.

काकांची ताकीद एकच. कुणी तिकीट घेऊन आलाच तर, ‘बोट नाय, असा सांगायचा. शिक्को मारूचो नाय.’ मला हसू आलं. इतकी वर्षं काउंटरवर काढली, पण माझ्याकडून गिऱ्हाईक कधी तोंड पाडून परत गेलेलं नाही. मनूलाही मी हेच शिकवतो, दारात आलेल्याला नाही म्हणू नये.

२२ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक. भर दुपारी, अंगात कोट घातलेला तरुण. विजार गुडघ्यापर्यंत ओली. आईकडे जायचंय म्हणाला आणि तिकीट पुढे केलं. डोक्यावर परिणाम झालेला दिसत होता, पण डोळ्यांत इतकं पाणी होतं की मला राहवलं नाही. माझ्या बापाचं काय जातंय म्हणून शिक्का मारला. त्याने हात जोडले. मग रस्त्याकडे न जाता तो आमचा जिना चढून वर गेला.

२३ एप्रिल
समोरच्या खोलीत यशोधन आणि त्याची आई राहतात. सकाळी त्यांचं दार त्या कोटवाल्याने उघडलं. आई त्याला यशोधन म्हणाली, चहा दिला. यशोधनची बॅग घेऊन तो बँकेत निघाला आणि रोजच्यासारखं मला ‘काय उन्मेष’ म्हणाला, काल खिडकीवर आपली गाठच पडली नव्हती असं. भिंतीवरच्या फोटोतही तोच आहे. पूर्वी म्हणते, तो पहिल्यापासून असाच दिसतो, तुला ऊन लागलंय. मला खरंच भीती वाटते आहे.

२४ एप्रिल
काकांना सांगितलं. ते डोक्याला हात लावून खाली बसले. म्हणाले, ती बुडालेली बोट तळाशी अजून भरलेली आहे, कुणी उठला तर त्याच्या जागी दुसरं कुणी बसावं लागतं. बाप्याच्या जागी बाप्या, बाईच्या जागी बाई, पोराच्या जागी पोर, आणि तेही याच इमारतीतलं. आलेला पुन्हा जात नाही. शिक्का मारून जो इथेच राहिला, त्यालाच तेवढं खरं काय ते आठवत राहतं. काकांना कसं आठवतं, हे मी विचारलं नाही.

शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला. महिनाअखेर इथून निघायचं.

२७ एप्रिल
चंपाबाईंच्या टपरीवर चहाला गेलो होतो. ड्रॉवरला कुलूप लावायचं राहिलं — मनू खिडकीत बसून ऑफिस-ऑफिस खेळत होती. एक मुलगी आली म्हणे, वेण्या ओल्या, घरी जायचं म्हणून रडत होती. मनूने शिक्का मारला. कौतुकाने सांगते, बाबा, मी तिला परत नाही पाठवलं.

तिचा हात धरून बसलोय. सोडणार नाही.

२८ एप्रिल
उजाडलं तेव्हा माझ्या हातात हात होता. मनूचा नव्हता.

पूर्वी तिच्या ओल्या वेण्या सोडते आहे. तिला मनू म्हणते. मी ओरडलो तर पोरगी पूर्वीला बिलगली — तिचा तरी काय दोष —

२९ एप्रिल
खिडकीत माझी मनू आहे. फ्रॉक निथळतोय. हातात तिकीट. बाबा, तिथे खूप अंधार आहे म्हणते. थंडी वाजते म्हणते —

काका बाहेरून ओरडतायत, नाय म्हणा, नाय म्हणा —

राजस अंगणात चेंडू आपटतोय. दुसरं पोर नाही इमारतीत. मेघनाताई, मला —

मारला.

३० एप्रिल
चेंडूचा आवाज नाही.

मनू काल वर आलीच नाही. तळमजल्यावर आहे. मेघनाताई पदराने तिचे केस पुसतायत. राजस म्हणतायत तिला. मला कळायला हवं होतं — यशोधनच्या दारात पाहिलं होतं मी —

हाक मारली. मनू. माझी मनू. तिने वळून पाहिलं, हसली. उन्मेषकाका म्हणाली मला. उन्मेषकाका, तुमच्या मनूला खेळायला पाठ —