डेड लेव्हल बाथरूम

८ जानेवारी २०२४, सोमवार

निर्णय झाला. बाथरूमची फरशी आणि भिंतीच्या टाइल्स बदलायच्या. कारण सौ.चा उजवा गुडघा. ५ फेब्रुवारीला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, पेशंट घरी येईल तेव्हा बाथरूम कोरडं आणि न घसरणारं पाहिजे. एकदा पाय घसरला की केलेलं सगळं पाण्यात.

जुन्या फरशीवर ती मागच्या महिन्यात पडली होती. टीव्ही चालू असल्यामुळे मला ऐकू आलं नाही. हे तिनं आतापर्यंत अकरा जणांना सांगितलंय.

हातात चार आठवडे. चिकलठाण्याच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. एका बाथरूमला चार आठवडे म्हणजे चैन.

संकल्प : एक, आवाज चढवायचा नाही (बीपी). दोन, दुपारचा चहा बंद. तीन, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायचं.

९ जानेवारी, मंगळवार

नळ आठ दिवसांनी नेमका आज आला. सौ. ड्रम भरायला घरी थांबली, मी टाइल्सच्या दुकानात एकटा. देव असतो.

तिला खरखरीत टाइल हवी होती. खरखरीत टाइल बस स्टँडवर शोभते. मी गुळगुळीत पांढरी घेतली, खाली आणि भिंतीला एकच. तोंड दिसतं. दुकानदार म्हणाला, साहेब, नजर आहे तुमची.

सौ.नं टाइलवर हात फिरवला. म्हणाली, "अहो, मला चालायचंय, भांग पाडायचा नाही." मी उत्तर दिलं नाही. संकल्प एक पाळला. दुपारी चहा घेतला, पण तो पाहुण्यांसाठी झाला होता. पाहुणे आले नाहीत.

११ जानेवारी, गुरुवार

मिस्त्री ठरला. मी नाही ठरवला. सौ.चा भाऊ नानासाहेब यानं गंगापूरहून फोनवरच ठरवला. याच्या चारही बोटांत अंगठ्या, तोंडात सल्ले. त्याच्या बंगल्याचं बाथरूम याच मिस्त्रीनं केलं म्हणे. ते बाथरूम सौ.नं आमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा बघितलंय.

मिस्त्रीचं नाव इलियास. मूळचा सिल्लोडचा, पंचेचाळिशीचा, बोलणं मोजकं. आल्या आल्या माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "वळखतो तुमाला. कंपनीतले चेकिंगवाले साहेब."

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, अजून नाव आहे. सौ. ऐकत होती, हे बरं झालं.

नंतर टाइल हातात घेऊन म्हणाला, "साहेब, ही भिंतीला बरी. खाली नाय चालायची." याला मत कुणी विचारलं?

१३ जानेवारी, शनिवार

खिळ्यावरून जर्मन पाणसळ काढली, पुसली. शॉपमध्ये मी वापरायचो तीच कंपनीनं निरोपसमारंभात दिली, ही एकच कामाची वस्तू. बाकी शाल. काचेच्या नळीत बुडबुडा. तो मधल्या दोन रेघांत आला की वस्तू डेड लेव्हल. वरती बाण आहे. बाण नेहमी पुढे. ती उलटी धरू नये असा बोर्डच मी शॉपमध्ये लावला होता. २००३ साली टेबलावरून सिमेंटवर पडली, ओरखडासुद्धा नाही. याला म्हणतात माल.

हिच्याच जोरावर २००४ साली एका वेल्डरचे चाळीस स्टँड मी एका दिवसात नाकारले. पोरगा हातापाया पडला. टेंपररी होता, त्याला पुढं कामावर ठेवलं नाही. मी हललो नाही. नाव आता आठवत नाही, पण बुडबुडा आठवतो.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

भिंतीचं काम सुरू. इलियास धागा बांधून टाइल लावतो, रबरी हातोडीनं ठोकतो, कान लावून ऐकतो. भरीव आवाज आला तरच पुढची. डॉक्टर असल्याचा आव आणतो.

मी तीन टाइल्स काढायला लावल्या. पाणसळीत बुडबुडा केसभर सरकला होता. तो म्हणाला, धाग्यात बरोबर आहे. मी म्हटलं, धागा जर्मन आहे का? तीनही काढल्या, परत लावल्या. नंतर मला त्या पहिल्यापेक्षा वाईट दिसल्या, पण तसं म्हणालो नाही.

त्याला तिळगूळ सौ.नं दिला. मी दिला नाही. गोड बोलायची सक्ती वर्षातून एकदाही सहन होत नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

संताप. नळ उद्या येणार, घरात शेवटचा एक ड्रम, आणि या माणसानं त्यात टाइल्स बुडवल्या! म्हणे, ही टाइल पाणी पिते. बुडबुडे थांबेपर्यंत भिजवली नाही तर सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेती आणि "पकड सोडती, साहेब."

या शहरात माणसं आठ-आठ दिवस थांबतात आणि टाइल्सना पाणी पाजायचं! आवाज चढला. शेजारच्या द्वारकाबाई गच्चीवर आल्या. संकल्प एक उद्यापासून.

१७ जानेवारी, बुधवार

इलियासला काढून टाकला.

भिंती झाल्या होत्या, आज फरशी. याचं म्हणणं, जाळीकडं ढाळ द्यायचा. म्हणजे फरशी तिरकी लावायची! माझ्या घरात, माझ्या देखत! मी म्हटलं, फरशी डेड लेव्हल पाहिजे. तो म्हणाला, "साहेब, हा हॉल नाय. पान्याला वाट लागती. बाईंचा पाय हे." माझ्या बायकोचा पाय हा मला शिकवणार.

म्हटलं, तिरकंच काम करायचं असेल तर घरी जा. थापी धुतली, पिशवी भरली, निघाला. दारात थांबून पाणसळीकडं बघितलं. "तीच हे का, साहेब?" म्हटलं, तीच. गेला.

सौ. आत जाऊन झोपली. नळ आला. ड्रम मी भरले. (दोन. मग कंबर धरली.)

२० जानेवारी, शनिवार

फरशी स्वतः लावतोय. मोबाइलवर सहा व्हिडिओ बघितले. त्यातल्या पाचांत टाइल भिजवतात. सहाव्यात नाही. सहावा माणूस शास्त्रीय वाटला.

दारात बसून आत बघत लावायच्या, बाण जाळीकडं, बुडबुडा मधोमध. आज चार झाल्या. एकीला कोपरा नाही, ती कमोडमागं जाईल.

२४ जानेवारी, बुधवार

पूर्ण! बुडबुडा प्रत्येक टाइलवर मधोमध. अठ्ठावीस वर्षांत इतकी डेड लेव्हल गोष्ट बघितली नाही. सौ.ला बोलावून दाखवली. तिनं काठी टेकवली. काठी सटकली. काठीचं रबर झिजलंय, नवीन आणायचं.

ठोकून बघितलं. काही टाइल्स पोकळ वाजतात. नवीन कामाला आवाज असतोच.

२५ जानेवारी, गुरुवार

नळ आला. चाचणी म्हणून बादलीभर पाणी ओतलं. वाटलं होतं, जागच्या जागी राहील आणि वायपरनं लोटता येईल. पाणी थोडा वेळ विचारात पडलं, मग दाराकडं निघालं. उंबरा ओलांडून बेडरूममध्ये, तिथून पलंगाखाली, जिथं सौ.चे एक्स-रे ठेवले होते.

पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध. म्हणजे फरशी बरोबर आहे. दोष पाण्यात असावा. आठ दिवस पाइपात अडकून पडलेलं पाणी, त्याला दाब असतो.

एक्स-रे दोरीवर वाळत घातले. द्वारकाबाईंनी पलीकडून विचारलं, कुणाचं हाड?

२८ जानेवारी, रविवार

टाइल्सवर सिमेंटचे पांढरे डाग राहिले होते. दुकानातून अ‍ॅसिड आणलं, पाणी न मिसळता ओतलं. पाणी का वाया घालवा? डाग गेले. टाइल्सच्या फटीत भरलेलं ग्राउटही गेलं. टाइलची चमकसुद्धा पट्ट्यापट्ट्यांनी गेली. आता निदान तिथं घसरणार नाही. हा फायदा कुणी बघत नाही.

खोकला. सौ. तोंडाला पदर लावून दिवसभर गच्चीत बसली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

जाळीजवळच्या दोन टाइल्स हातात आल्या. खालचा मसाला पिठासारखा. बाकीच्यांचं सांगता येत नाही. ठोकायचं बंद केलंय.

सौ.नं सकाळी अंघोळ केली नाही. म्हणाली, भीती वाटते. मी म्हटलं, कशाची? ती म्हणाली, "तुमच्या फरशीची." मग रडली. एकोणचाळीस वर्षांत माझ्या एखाद्या कामावर ती रडली नव्हती. वाईट वाटलं. पण घाबरायला काहीतरी कारण लागतं, हेही खरं.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, नवीन गुडघा अगदी परफेक्ट बसलाय. मी विचारलं, डेड लेव्हल? डॉक्टर नानासाहेबाशी बोलायला लागले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलमधून सुट्टी. मी हार आणला होता. नानासाहेबाची गाडी दारात उभी. सौ. गाडीत बसली, गंगापूरला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाथरूम झालं की कळवा."

नानासाहेब काच खाली करून म्हणाला, "दाजी, लई शहाणपण बरं नाय." हार मी घरी आणून पाणसळीच्या खिळ्याला अडकवला.

११ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९

पडलो.

त्याच दिवशी, सायंकाळी ५

हाड शाबूत. ढुंगणाला मुका मार. अर्धा तास तिथंच पडून होतो. हाक मारली, पण घरात कोण आहे? टीव्ही चालू होता, त्याचा आवाज मात्र स्पष्ट येत होता. डिसेंबरात ती इथंच पडली होती. तिनं किती हाका मारल्या असतील, हे कधी विचारलं नाही.

फरशी डेड लेव्हलच आहे. माझा तोल गेला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नानासाहेब इलियासला घेऊन आला. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी उशीवर बसून होतो.

इलियासनं बादलीभर पाणी टाकलं. पाणी बेडरूमकडं निघालं. तो माझ्याकडं बघेना. मीच पाणसळ पुढं केली. म्हटलं, बघा, बाण पुढे, बुडबुडा मधोमध. त्यानं बघितलं. म्हणाला, हौ, मधोमध हे. मग माझ्या डोळ्यादेखत पाणसळ उचलली, उलटी फिरवली आणि त्याच जागी ठेवली. बाण माझ्याकडं.

बुडबुडा सरकत सरकत टोकाला जाऊन बसला.

म्हणाला, "खरी पाणसळ दोन्ही बाजूंनी एकच सांगती, साहेब. ही पडलेली हे कधीतरी." मी म्हटलं, उन्हानं होतं. बाथरूममध्ये ऊन येत नाही.

मग सावकाश म्हणाला, "माझे चाळीस स्टँड हिनंच मापले होते ना?"

नानासाहेबानं विचारलं, कसले स्टँड?

१४ फेब्रुवारी, बुधवार

पाणसळ टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, फ्रिजवर, देव्हाऱ्यात ठेवून बघितली. प्रत्येक ठिकाणी सुलटी आणि उलटी. प्रत्येक ठिकाणी दोन उत्तरं.

२००३ ते २०१९. सोळा वर्षं. पुढचा हिशोब करायचा नाही, असा संकल्प केला. हा एक पाळता येईल असं वाटत होतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

फरशी झाली. खरखरीत. माझ्या टाइल्स इलियासनं दीड दिवस ठोकून काढल्या, नव्या टाइल्स ड्रमात बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत तो शेजारी बसून होता. मीही बसलो. डोक्यावर नाही, बाजूला. दुपारी चहा दोघांनी घेतला. बोलायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, पाणी कधी येणार? मी म्हटलं, सोमवारी. तेवढंच झालं.

जाताना बजावून गेला, आठ दिवस अ‍ॅसिड नाय, घासणी नाय, नुसतं पाणी.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सौ. आली. वॉकर घेऊन सरळ बाथरूममध्ये गेली. मी दाराबाहेर उभा. टीव्ही बंद. आतून तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, मग पाणी जाळीत गेल्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा उंबरा कोरडा. म्हणाली, "आता घर वाटतंय." मग पाणसळीच्या खिळ्याकडं बघून म्हणाली, मिस्त्रीला काही बोललात का? म्हटलं, हो, बोललो. ती म्हणाली, काय? मी चहा ठेवायला गेलो.

सायंकाळी ६

इलियासला फोन लावला. उचलला नाही. बरं झालं. पुन्हा लावला. उचलला. त्यानं विचारलं, ढाळ बरोबर हे ना, साहेब? बाई पडल्या-बिडल्या नाय ना? मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "पास."

पलीकडून थापी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "वीस साल लागले, साहेब," आणि ठेवून दिला.